टाइम ट्रायलला जायच्या आधी सायकल घरीच मोजून घ्या: ओळंबा, टेप अन् एक भिंत

दिवाळी झाली, थंडी पडली की आपल्या इकडे सायकल रेसचे पोस्टर वॉट्सअपवर फिरायला लागतात. तालुक्याच्या गावापासून अमुक फाट्यापर्यंत जाऊन-येऊन, पहिलं बक्षीस एवढं, दुसरं तेवढं, गावातल्या चार-पाच जणांचे फोटो, अन् एकदम खाली बारीक अक्षरात एक ओळ असते, सायकल नियमानुसार असावी. आता कोणत्या नियमानुसार ते काही कोणी लिहीत नाही. मग सकाळी सहा वाजता स्टार्टवर भांडणं, याचा हँडल असा का, त्याची सीट तशी का, अन् एखादा पोट्टा महिनाभर घासून आलेला असतो तो तोंड पाडून बाजूला उभा.

म्हणून हे सविस्तर लिहितो, खास टाइम ट्रायलसाठी, म्हणजे एकेक जण वेगळा सुटतो अन् घड्याळावर निकाल लागतो त्या रेससाठी. सायकल महाग आहे की स्वस्त यावर बाद होत नाही राजेहो, ती दोन-तीन मापांमुळे बाद होते, अन् ती मापं काढायला कोणतं महागडं मशीन लागत नाही. गवंड्याचा ओळंबा, स्टीलचा टेप, घरची एक सरळ भिंत अन् मदतीला एक माणूस, अर्ध्या तासात होते.

पहिले फोन लावा

सायकलला हात लावायच्या आधी पोस्टरवरच्या नंबरवर फोन करा अन् विचारा की रेस कोणत्या नियमांवर आहे. मोटामोटी तीन प्रकार सापडतील. जिल्हा-राज्य संघटनेची निवड चाचणी असेल तर तिथे सायकलिंग फेडरेशन ऑफ इंडियाचे नियम, म्हणजे शेवटी यूसीआय या जागतिक संघटनेचेच नियम. दुसरा प्रकार म्हणजे मंडळाची, ग्रामपंचायतीची, एखाद्या क्लबची ओपन रेस, तिथे आयोजक म्हणेल तो नियम. तिसरा ट्रायथलॉन-ड्युएथलॉन, त्यांचं पुस्तकच वेगळं आहे, सीटच्या मागे बाटल्या लावलेल्या ज्या सायकली तुम्ही व्हिडिओत बघता त्या बहुतेक तिकडच्या असतात अन् त्या तशाच्या तशा यूसीआयच्या टाइम ट्रायलला चालत नाहीत.

फोनवर एवढं तरी विचाराच: एअरोबार (हँडलवरून पुढे निघालेले, कोपरं टेकवून धरायचे पाइप) चालतो का, मागे डिस्क व्हील (स्पोकच्या जागी भरीव थाळीसारखं चाक) किंवा डीप रिम (उंच कडेची रिम) चालते का, गट कसे पाडले, चेकिंग किती वाजता, पंचर झालं तर दुसरं चाक कोण देणार. अन् उत्तर मेसेजवर मागा. तोंडी "हो हो चालते ना" म्हणणारा माणूस रेसच्या सकाळी सापडत नाही, मेसेज सापडतो.

आता गटाचा विषय निघालाच तर माझं मत सांगून टाकतो. आपल्याकडे गट पाडतात गिअरची सायकल अन् बिनागिअरची सायकल असे. साध्या सायकलीवाल्यांसाठी तो गट पाहिजेच, त्यावर वाद नाही. पण गिअरवाल्यांच्या आत एअरोबार अन् बिनाएअरोबार असे दोन भाग केले पाहिजेत. सपाट रस्त्यावर पस्तीस-चाळीसच्या स्पीडला तुमची बहुतेक ताकद हवा फाडण्यातच जाते, अन् स्पीड वाढवायला लागणारी ताकद जवळपास स्पीडच्या घनानं वाढते, म्हणजे स्पीड दहा टक्के वाढवायचा तर ताकद तेहतीस टक्के जास्त. अशा रस्त्यावर कोपरं आत घेऊन वाकलेला माणूस अन् ब्रेकवर हात ठेवून बसलेला माणूस एका गटात टाकले तर तो निकाल कशाचा लागला? अमेरिकेत बऱ्याच हौशी रेसमध्ये बेल्जियमचा जुना चॅम्पियन एडी मर्क्स याच्या नावानं असा वेगळा गट असतो, त्यात एअरोबार नाही, डिस्क नाही, साधी चाकं. मर्क्सनं १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत साध्या वाकड्या हँडलच्या सायकलवर एका तासात ४९.४३१ किलोमीटर काढले होते, त्यावरून ते नाव.

हे नियम आले कुठून

दोन मिनिटं वाचा, नाहीतर पुढचे आकडे उगाच वाटतील.

१९८९ च्या टूर द फ्रान्सचा शेवटचा दिवस, व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल. ग्रेग लेमाँड हा अमेरिकन लॉराँ फिन्यों या फ्रेंच रायडरच्या ५० सेकंद मागे होता. लेमाँडनं एअरोबार लावला होता, फिन्योंनं नाही. लेमाँडनं त्या एका स्टेजमध्ये ५८ सेकंद काढले अन् अख्खी टूर ८ सेकंदांनी जिंकली. तिथून सगळ्यांना कळलं की हँडलचा आकार काय चीज आहे.

मग आला स्कॉटलंडचा ग्रॅम ओब्री. यानं सायकल घरी बनवली, बीबीत (पायडलचे दांडे, म्हणजे क्रँक, जिथे फिरतात ती जागा) वॉशिंग मशीनचे बेअरिंग टाकले, हात छातीखाली दुमडून बसायची पद्धत काढली अन् १९९३ च्या जुलैमध्ये नॉर्वेत एका तासात ५१.५९६ किलोमीटरचा रेकॉर्ड केला. आठवड्याच्या आतच इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमननं तो मोडला, ओब्रीनं पुढच्या वर्षी परत घेतला. यूसीआयनं १९९४ मध्ये त्याची ती पद्धत बंद केली, मग त्यानं हात एकदम पुढे लांबवून बसायची सुपरमॅन पद्धत काढली, तीही पुढे बंद झाली. १९९६ मध्ये लुगानो इथे यूसीआयनं ठरवून टाकलं की रेस माणसांची आहे, मशीनची नाही, अन् २००० पासून मापांचे नियम कडक लागू झाले. म्हणून सीटचं नाक अन् एअरोबारचं टोक या दोन जागा इतक्या बारकाईनं मोजतात, ओब्रीच्या दोन्ही पद्धती तिथूनच निघाल्या होत्या. झोपून चालवायच्या सायकली तर १९३४ पासूनच बाहेर आहेत.

मापं घेताना

आधी सपाट जागा शोधा. आपल्या घरातल्या फरशीला मोरीकडे उतार असतो, थोडं पाणी सांडून बघा कुठे धावते ते, जिथे थांबते ती जागा घ्या. दोन्ही टायरमध्ये रेसच्या दिवशी ठेवणार तेवढीच हवा भरा. सायकलचं मागचं चाक भिंतीला टेकवा, सायकल भिंतीशी काटकोनात, एकानं सीट धरून एकदम उभी ठेवायची, तिरपी नाही. ट्रेनरवर (घरात जागेवर चालवायच्या स्टँडवर) चढवलेली सायकल मोजू नका, मागचं चाक उचललेलं असते अन् सगळे आकडे खोटे येतात.

आता भिंतीपासून आडवं मोजायचं. बीबीच्या मधोमध, म्हणजे क्रँक जिथे फिरतो त्या अ‍ॅक्सलच्या सेंटरपासून ओळंबा सोडा, जमिनीवर खडूनं खूण करा. सीटच्या नाकाच्या टोकापासून ओळंबा सोडा, दुसरी खूण. एअरोबारच्या पार शेवटच्या टोकापासून, अन् टोकाला गिअर शिफ्टर असेल तर त्याच्यासकट, तिसरी खूण. ओळंबा हलायचा थांबेपर्यंत थांबा, पंख्याखाली हे काम करू नका. मग भिंतीपासून तिन्ही खुणांचं अंतर टेपनं घ्या अन् कागदावर लिहा.

समजा बीबी भिंतीपासून ७४ सेंटिमीटर आलं, सीटचं नाक ६९ अन् एअरोबारचं टोक १५२. म्हणजे नाक बीबीच्या ५ सेंटिमीटर मागे आहे, अन् टोक बीबीच्या ७८ सेंटिमीटर पुढे. या दोनच वजाबाक्या आहेत, सगळं चेकिंग यांच्याभोवती फिरते.

सीट

जुना नियम असा की सीटचं नाक बीबीच्या उभ्या रेषेपासून कमीत कमी ५ सेंटिमीटर मागे पाहिजे, शरीराच्या ठेवणीमुळे जमत नसेल तर सूट मागायची. आता टाइम ट्रायलमध्ये नाक त्या रेषेपर्यंत आणू देतात, पण रेषेच्या पुढे गेलं की संपलं. आपल्या इकडच्या कित्येक ऑफिशियलच्या डोक्यात अजून ५ चाच आकडा बसलेला आहे, म्हणून माझा सल्ला असा, ५ वर आरामात बसता येत असेल तर ५ वरच ठेवा, कोणीच बोलणार नाही. अन् पुढे आणायचीच असेल तर आयोजकाला आधी विचारा.

पोट्टे सीट पुढे काहून ढकलतात तर एअरोबारवर वाकलं की गुडघे पोटाला लागतात, पुढे सरकलं की कंबर मोकळी होते. त्रास खरा आहे. पण त्यावर दुसरा उपाय म्हणजे कोपराचे पॅड थोडे वर घ्या, क्रँक थोडा आखूड लावा, तेवढ्यानंही बराच फरक पडतो.

सीटची लांबी २४ ते ३० सेंटिमीटर पाहिजे. बाजारातली जवळजवळ प्रत्येक सीट यात बसते, फक्त हॅकसॉनं नाक कापून आणलेली बसत नाही, अन् हो, असे कलाकार असतात. सीटचा उतार जास्तीत जास्त ९ अंश. सीटवर पुढून मागे एक सरळ लाकडी पट्टी ठेवा, तिच्यावर मोबाईल ठेवून लेव्हलचं अ‍ॅप लावा, आकडा दिसते.

एअरोबार

सगळ्यात जास्त सायकली इथेच अडकतात, म्हणून जरा नीट वाचा.

२०२३ पासून यूसीआयनं रायडरच्या उंचीवर तीन गट केलेत. उंची १८० सेंटिमीटरच्या आत असेल, म्हणजे साधारण पाच फूट अकरापर्यंत, तर बीबीपासून टोकापर्यंत जास्तीत जास्त ८० सेंटिमीटर. १८० ते १९० च्या मधल्याला ८३, अन् १९० च्या वरच्याला ८५. आपल्यातले बहुतेक जण पहिल्याच गटात येतात, म्हणून ८० लक्षात ठेवा. त्याच्या आधी सरसकट ७५ होतं अन् सूट घेऊन ८०, काही आयोजक अजून तोच जुना कागद घेऊन बसलेले असतात, म्हणून पण आधीचा तो फोन महत्त्वाचा.

दुसरं माप उभं आहे. कोपर जिथे टेकते त्या पॅडची उंची अन् एअरोबारच्या टोकाची उंची यात फरक किती? पहिल्या गटाला १० सेंटिमीटर, दुसऱ्याला १२, तिसऱ्याला १४. हात चेहऱ्यासमोर उंच करून बसायची जी फॅशन आली आहे ती इथे पकडल्या जाते. पॅडचा स्वतःचा उतार ३० अंशाच्या आत पाहिजे, तो पण त्याच मोबाईलनं मोजा.

ऑनलाइन जे स्वस्त क्लिपवाले एअरोबार मिळतात त्यांचे पाइप लांबच लांब असतात, ८० च्या बाहेर जातातच. क्लॅम्प ढिला करून मागे ओढा, तरी जास्त होत असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा पाइप मागच्या बाजूनं कापता येतो, पण कार्बनचा पाइप स्वतः कापायला बसू नका, त्याला वेगळी ब्लेड अन् मास्क लागते, धूळ फुफ्फुसाला वाईट. कापल्यावर टोकाला बूच लावायला विसरायचं नाही. हँडलच्या, एअरोबारच्या प्रत्येक उघड्या पाइपच्या तोंडात बूच पाहिजे, पडल्यावर उघडा पाइप मांडीत घुसतो म्हणून हा नियम आहे, अन् दहा रुपयाच्या बुचासाठी सायकल परत पाठवलेली लोकं बघितली आहेत.

माप बरोबर आलं की सीटपोस्टवर, एअरोबारच्या पाइपवर जिथे क्लॅम्प येतो तिथे लाल इलेक्ट्रिक टेपचा एक वेढा मारून ठेवा. गाडीवर सायकल बांधून नेताना काही सरकलं तर लगेच दिसते, अन् ऑफिशियलनं सांगितलं थोडं मागे घ्या तर किती घेतलं ते पण कळते.

ब्रेक

दोन पाहिजेत, दोन्ही चाकांवर वेगवेगळे, अन् खरंच लागणारे. रिम ब्रेक असो का डिस्क ब्रेक, दोन्ही चालतात. एअरोबारवर हात असताना ब्रेक हातात नसतो, अन् आपल्या रस्त्यावर कधी म्हैस येईल, कधी सोयाबीनचं पोतं लादलेला ट्रॅक्टर फाट्यावरून घुसेल सांगता येत नाही, म्हणून फाटा दिसला की हात खाली ब्रेकवर.

चाकं

दोन्ही चाकं सारख्या साइजची. टायरसकट व्यास ५५ ते ७० सेंटिमीटरच्या मध्ये. आता गंमत बघा, आपली जुनी काळी सायकल, दूधवाल्याची, २८ बाय दीडच्या टायरची, तिची रिम ६३५ मिलिमीटरची अन् वरून टायर, म्हणजे चाक ७१ सेंटिमीटरच्या आसपास जाते. यूसीआयच्या पुस्तकाप्रमाणे ती सायकल रेसला बाद! अर्थात साध्या सायकलीच्या गटात कोणी हे बघत नाही, बघूही नये. पण ७०० बाय ४० चे जाड टायर टाकून खुल्या गटात उतरणाऱ्यांनी जरा मोजून घ्या, ६२२ ची रिम अन् दोन्हीकडून चाळीस, ७० ची रेषा ओलांडली जाते.

सगळे एकदम सुटतात त्या रेसमध्ये चाकाला कमीत कमी १२ स्पोक लागतात. मागे डिस्क व्हील टाइम ट्रायलमध्ये चालते, त्या रेसमध्ये चालत नाही. पुढे डिस्क आपल्या मोकळ्या रानातल्या रस्त्यावर लावायचा विचार पण करू नका, बाजूनं वारा आला की सायकल थेट कपाशीत. अन् प्लास्टिकचा पत्रा कापून साध्या चाकाला दोन्हीकडून बांधला असेल तर आधी विचारून घ्या. हवा कापण्यासाठी वरून लावलेलं कुठलंही आवरण यूसीआयला चालत नाही, ओपन रेसवाला कदाचित हो म्हणेल.

वजन, लांबी वगैरे

कमीत कमी ६.८ किलो, बाटली अन् सायकल कॉम्प्युटर काढून. आपल्या सायकली आठ-दहा किलोच्या असतात, हा नियम डोक्यातून काढून टाका. खात्री करायचीच असेल तर लोखंडी सामानाच्या दुकानातल्या लटकत्या डिजिटल काट्याला लावून बघा. पूर्ण सायकलची लांबी १८५ सेंटिमीटरच्या आत अन् रुंदी ५० च्या आत, कंपनीची सायकल असली तर हे आपोआप बसते. २०११ पासूनच्या नवीन मॉडेलच्या फ्रेमवर यूसीआयचं स्टिकर असते, जुन्या फ्रेमवर नसलं तरी घाबरू नका. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, घंटी, कुलूप, सगळं काढा, नियम म्हणून नाही, सैल झालेलं मडगार्ड चाकात गेलं तर दात जातील म्हणून.

बाटली अन् कपडे

बाटली फ्रेमच्या आतल्या दोन पाइपांवरच, ४०० ते ८०० मिलीची, जाडी ४ ते १० सेंटिमीटर. जर्सीच्या आत छातीपाशी बाटली खुपसून हवेला वळण देणारे हुशार लोक आहेत, शरीराचा आकार बदलणारी कोणतीही वस्तू कपड्यात चालत नाही. मोज्यांना पण नियम आहे, खरं सांगतो, घोटा अन् गुडघ्याखालचं बाहेरचं हाड यांच्या निम्म्याच्या वर मोजा जाऊ नये. ओपन रेसमध्ये कोणी मोजे मोजत बसत नाही, निवड चाचणीला मोजू शकतात.

हेल्मेट सक्तीचं. २००३ मध्ये पॅरिस-नीस रेसमध्ये कझाकस्तानचा रायडर आंद्रे किविलेव डोक्याला मार लागून गेला, तो बिनाहेल्मेट होता, त्यानंतर यूसीआयनं हेल्मेट सक्तीचं केलं. टोकदार शेपटीचं टाइम ट्रायलचं हेल्मेट घ्यायचं का? मी म्हणेन फेब्रुवारीनंतर आपल्या इकडे नको, भोकं कमी असतात अन् उन्हात डोकं शिजते. साधं पण पट्टा टाइट होणारं, सर्टिफिकेटचं स्टिकर असलेलं घ्या. कानात इअरफोन घालून स्टार्टला उभं राहू नका.

मागे लाल लाइट लावा. इंग्लंडातल्या क्लबच्या टाइम ट्रायलमध्ये तो सक्तीचा आहे, आपल्याकडे सक्ती नसली तरी धुक्यात ट्रकवाल्याला दिसायला पाहिजे.

ज्युनिअर पोरांसाठी

पूर्वी १७-१८ वर्षांच्या पोरांना गिअरची मर्यादा होती, क्रँकच्या एका पूर्ण फेऱ्यात सायकल ७.९३ मीटरच्या पुढे जायला नको. २०२३ पासून यूसीआयनं ती काढली, पण कुठे अजून ठेवली असेल तर मोजायचं असं: सगळ्यात जड गिअर टाका, पायडल एकदम खाली ठेवून जमिनीवर खूण करा, सायकल मागे ढकलत पायडल परत खाली येईपर्यंत न्या, दुसरी खूण, मधलं अंतर मोजा. जास्त आलं तर मागच्या डिरेलरचा (साखळी गिअरवर सरकवणाऱ्या भागाचा) स्क्रू फिरवून छोटे दाते बंद करता येतात, नवीन कॅसेट (मागच्या दात्यांचा संच) घ्यायची गरज नाही, पण चालते का ते आधी विचारा.

रेसच्या सकाळी

आदल्या दिवशी नवीन काहीच लावू नका. चेकिंगला स्टार्टच्या कमीत कमी १५ मिनिटं आधी पोहोचायचा यूसीआयचा नियम आहे, तुम्ही पाऊण तास आधी जा, कारण काही निघालं तर दुरुस्तीला वेळ पाहिजे. सोबत ४, ५ अन् ६ नंबरच्या अ‍ॅलन की, टेप, दोन-चार जास्तीचे बूच, पंप अन् मापांचा तो कागद. चेकिंगला बाहेर पडणारी गोष्ट मिलिमीटरातली असते, जागेवर सरकवून परत दाखवता येते. ऑफिशियलनं बाद म्हटलं तर आवाज चढवू नका, "साहेब माझ्यासमोर एकदा परत मोजा" म्हणा, अन् सायकल सपाट जागेवर आहे का ते बघा. मांडवाखालची जमीन उंचसखल असते, तिथे एक-दीड सेंटिमीटर सहज इकडचं तिकडे होते.

बाभळीच्या काट्याचं काही नियमात नाही, पण रेस त्यानंच जास्त जाते. रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीच्या बाहेर जाऊ नका, आदल्या रात्री टायर हातानं चाचपून अडकलेले काटे काढा, ट्यूबमध्ये सीलंट टाकलं तर कोणी अडवत नाही. अन् सकाळी फुल हवा भरून सायकल उन्हात उभी करून ठेवू नका.

शेवटचं एक, सायकल सगळी पास झाली तरी रस्त्यावर बाद होता येते. पुढच्याला गाठलं तर त्याच्या मागे चिकटायचं नाही, बाजूनं कमीत कमी २ मीटर सोडून काढायचं, अन् ज्याला गाठलं त्यानं एक किलोमीटरनंतर निदान २५ मीटर मागे राहायचं. २५ मीटर किती ते डोळ्याला कळत नाही, म्हणून रेसच्या आधी कधी रस्त्यावर टेपनं मोजून दोन दगड ठेवून बघा, वाटते त्यापेक्षा बरंच लांब असते.